थांबलेल्या गाडीचे भाडे

स्मरणिकेच्या पानांवर आठवणी असाव्यात, गुरुजनांविषयी कृतज्ञता असावी, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा, हे आम्हांला मान्य आहे. आणि ते सारे या अंकात अन्यत्र आहेच. आम्ही मात्र येथे एका रोखठोक व्यवहाराविषयी लिहिणार आहोत. वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. कळमना, पारडी, कापसी, चिखली ले-आऊट या टापूतील मुलामुलींच्या अर्जांत त्या रकान्यात हमाल, मजूर, भाजीविक्रेता यांच्या बरोबरीने ‘ट्रक ड्रायव्हर’ हा शब्द वारंवार येतो. निवासी शाळेची गरज ज्या घरांना अधिक भासते, त्यांत महिन्यातले बहुतेक दिवस बाप रस्त्यावर असलेले घर आलेच. तेव्हा ड्रायव्हरच्या कामाचा मोबदला कसा ठरतो, हा प्रश्न या शाळेच्या परिवाराबाहेरचा नाही.

त्यातही आम्ही एकाच वाटेविषयी बोलणार आहोत: थंडीच्या. जम्मूच्या पुढे, बनिहालच्या पलीकडे, झोजिलाच्या चढावर, लडाखच्या पठारावर जी गाडी जाते तिच्याविषयी. या वाटेवर शहाणपण कशात आहे, हे तेथे जाऊन आलेला कोणताही जुना ड्रायव्हर एका शब्दात सांगेल: थांबण्यात. बर्फ पडू लागले की थांबावे, दरड कोसळत असेल तर थांबावे, धाप लागली तर थांबावे. आणि आपल्या व्यवसायाची रीत अशी की भाडे मिळते ते केवळ चालण्याचे. ज्या गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून आहे नेमकी तीच गोष्ट बिनमोलाची ठरवली गेली आहे. थांबलेल्या गाडीचे भाडे ठरले पाहिजे, ते बिल्टीवर लिहिले गेले पाहिजे आणि त्यातला वाटा ड्रायव्हर-क्लीनरच्या हाती पडला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आमच्यापैकी काही जण ड्रायव्हरांची मुले आहेत, काहींच्या स्वतःच्या एक-दोन गाड्या आहेत, काही बुकिंगच्या कार्यालयांत बसतात. त्यामुळे हे म्हणणे कोणा एका बाजूचे नाही.

कळमन्याचा आणि हिमालयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध डांबराचा आहे. श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातून जातो. साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरचा हा देशातला सर्वांत लांब महामार्ग. आपल्या बाजार समितीच्या फळबाजारात सप्टेंबरपासून काश्मिरी सफरचंदाच्या पेट्या उतरू लागतात, आणि पुलवामा भागातील शीतगृहांत साठवलेला माल थेट वसंतापर्यंत येत राहतो. म्हणजे फळ तोडले शरदात, तरी गाडी धावते ऐन हिवाळ्यात. उलट दिशेने मनसर, खवासा, सिवनी, महार रेजिमेंटचे केंद्र असलेले सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, पठाणकोट अशी ती वाट उत्तरेला जाते. भाडे मिळेल तिकडे गाडी जाते, हा या धंद्याचा पहिला नियम. कधी धान्य, कधी यंत्रसामग्री, कधी लो-बेड ट्रेलरवर साखळदंडांनी जखडलेले पोकलेन. पोकलेन डोंगर फोडते खरे, पण डोंगरापर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊ शकत नाही. त्याला कोणीतरी पाठीवर वाहून न्यावे लागते.

थंडी कळमन्याला अगदीच परकी नाही. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन असताना मिरचीच्या शीतगृहात पोती रचणाऱ्या आमच्या हमाल बांधवांना ती ठाऊक आहे. पण ते शीतगृहाचे दार उघडून बाहेर येऊ शकतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर राहणारा माणूस साडेतीन हजार मीटरवरच्या झोजिलावर पोहोचतो तेव्हा दार उघडून जायला जागा नसते.

तेथे गाडीचे काय होते हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मैदानात बसून भाडे ठरवणाऱ्यांना ते बहुधा ठाऊक नसते. साध्या डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. पारा शून्याच्या आसपास आणि त्याखाली उतरू लागला की हे मेण वेगळे होऊ लागते, डिझेल आधी गढूळ आणि मग दाट होते, फिल्टर तुंबतो, इंजिन बंद पडते. यावर उपाय म्हणून इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. पण ते तिकडच्या पंपांवर. खालून टाकी भरून गेलेल्या गाडीत खालचेच डिझेल असते. मग काय करतात? टाकीखाली चिंध्या पेटवतात. होय, डिझेलच्या टाकीखाली. हे वाचून अंगावर काटा आला तर तो योग्यच आहे.

बॅटरीचे तेच. उणे अठरा-वीस अंशांत तिची ताकद साधारण निम्म्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी गोठलेले इंजिन ऑईल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. हवेच्या ब्रेकमध्ये दमट हवा गेली असेल तर टाकीत पाणी साचते; ते पाणी नळ्यांमध्ये गोठले की पाय ब्रेकवर असतो आणि ब्रेक मात्र नसतो. म्हणून जाणता ड्रायव्हर मुक्कामाला हवेच्या टाक्या रिकाम्या करतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत ज्याला आपण नुसते ‘युरिया’ म्हणतो तो द्रव उणे ११ अंशांना गोठतो. गाडीत तो वितळवण्याची सोय असते, पण त्यालाही वेळ लागतो. शिवाय उंचीचा प्रश्न आहेच. झोजिलावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो. इंजिनालाही श्वास लागतो आणि चालवणाऱ्यालाही. मैदानात जो चढ तिसऱ्या गिअरमध्ये सहज गेला असता तो येथे पहिल्यात रडतरडत चढावा लागतो, आणि चाकांना साखळ्या बांधून उतरताना चढण्याहून अधिक वेळ लागतो. या साऱ्यात घाई करता येईल अशी एकही जागा नाही.

आणि माणसाचे काय होते? आम्हांला सर्वांत अधिक भय वाटते ते बर्फाचे नव्हे, दरडीचेही नव्हे. केबिनमध्ये पेटवलेल्या शेगडीचे. रात्री इंजिन चालू ठेवावे तर डिझेल जळते आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. बंद ठेवावे तर हाडे गोठतात. मग कोळशाची शेगडी किंवा छोटा गॅस केबिनमध्ये घेऊन, काचा घट्ट लावून, दोघे जण घोंगडी पांघरून झोपतात. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. तो झोपेतून उठतच नाही. दरवर्षी हिवाळ्यात उत्तरेकडून अशा बातम्या येतात, चार ओळींच्या. शेगडी केबिनच्या बाहेर ठेवावी, आत आणलीच तर दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे उघड्या ठेवाव्यात आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर काढावी, हे ज्ञान फुकट आहे. पण उबदार मुक्कामाची जागा फुकट नाही, आणि खुराकीचे पैसे फेऱ्याच्या ठरलेल्या दिवसांपुरतेच दिलेले असतात. दिवस वाढले की पहिली काटछाट मुक्कामाच्या खोलीवर होते. काचा बंद करून शेगडीशेजारी झोपलेल्या माणसाला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याच्या खिशात त्या रात्री किती पैसे होते, ते मात्र कोणी विचारत नाही.

दूरच्या वाटेने माल नेणाऱ्यांची गोष्ट आपल्या परंपरेत सुरुवातीलाच येते. जातककथांमधली पहिलीच कथा, अपण्णक जातक, दोन सार्थवाहांची आहे. दोघांजवळ पाचशे-पाचशे गाड्या. पुढे निर्जळ रान. ‘पुढे पाऊस आहे, पाण्याचे ओझे कशाला?’ या गोड बोलण्यावर विश्वासून एकाने भरलेले माठ फोडले आणि तो तांड्यासह संपला. दुसऱ्याने पाणी राखले आणि तो सुखरूप पार गेला. भगवान बुद्धांचे पहिले दोन उपासक, तपस्सु आणि भल्लिक, हेही गाड्यांचा तांडा घेऊन निघालेले व्यापारीच. अट्ठकथा सांगते की त्यांच्या गाड्या वाटेत थांबल्या, म्हणून ती भेट घडली. यातून फार मोठा अर्थ काढण्याचा आमचा हेतू नाही. पण ‘ओझे कमी करा, लवकर पोहोचाल’ असे सांगणारा आवाज तेव्हाही होता आणि आजही आहे, एवढे दिसते. आज तो फोनवरून येतो: गाडी कुठे आहे, अजून तिथेच का, पार्टी ओरडते आहे.

अवजड वस्तू हिमप्रदेशातून नेण्याच्या ज्या कामांचा देशाला अभिमान आहे ती कामे घाईने झालेली नाहीत. १९४८ च्या शरदात झोजिलाची खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि लेहकडे जाणारी वाट तुटली होती. जनरल थिमय्यांनी तेथे रणगाडे नेण्याचे ठरवले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून श्रीनगरमार्गे बालतालपर्यंत नेण्यात आले. ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे मनोरे उतरवले होते. वाटेतले कच्चे पूल आधी बळकट केले गेले आणि बालतालपासून खिंडीकडे जाणारी खेचरांची पायवाट सॅपर्सनी रुंद केली. मग १ नोव्हेंबरला बर्फात हल्ला झाला आणि खिंड मोकळी झाली. इतिहासात तो दिवस नोंदला जातो. त्याआधीच्या पूल बांधण्याच्या, वाट रुंदावण्याच्या, वाट पाहण्याच्या दिवसांची नोंद क्वचित होते. पण त्या दिवसांचा पगार सैनिकांना मिळाला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

१९५६ हे वर्ष नागपूरकरांना वेगळ्याच कारणांनी पाठ आहे. त्याच वर्षाच्या २२ डिसेंबरला बनिहालच्या डोंगराखालचा जवाहर बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि खोऱ्याची वाट हिवाळ्यातही चालू राहण्याची शक्यता निर्माण झाली. ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. पुढे २०१७ मध्ये चेनानी-नाशरीचा सव्वानऊ किलोमीटरच्या आसपासचा बोगदा झाला, २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा, २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा, जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा. झोजिलाखालच्या तेरा किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्याचे काम चालू आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह वीजवाहिनीचे लोकार्पण झाले. द्रास, कारगिल, खाल्त्सी आणि लेह येथल्या उपकेंद्रांची अजस्र यंत्रे त्याच झोजिलावरून ट्रेलरांवर चढली. काश्मीरच्या रेल्वेचेही तसेच. चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल सर्वांनी चित्रांत पाहिला आहे. पण त्या रेल्वेच्या कामाच्या जागी यंत्रे पोहोचावीत म्हणून आधी दोनशेहून अधिक किलोमीटरचे पोहोचरस्ते काढावे लागले होते, हे थोड्यांना ठाऊक असते. बोगदा होण्याआधी बोगद्याचे यंत्र त्याच घाटातून गेलेले असते ज्या घाटाला बोगदा हवा होता. ते यंत्र कोणी नेले, त्याचे नाव कोनशिलेवर नसते. ते असावे असा आमचा हट्ट नाही. हिशेबात असावे, एवढाच आहे.

आता दूरचे एक उदाहरण. कॅनडाच्या उत्तरेत यलोनाइफ शहराच्या पुढे हिऱ्यांच्या खाणी आहेत. तेथे बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तलावांवरून सुमारे चारशे किलोमीटरची बर्फाची वाट तयार केली जाते. ती वर्षातून दोन-सव्वादोन महिनेच चालते, आणि तेवढ्यात खाणींचे वर्षभराचे इंधन, यंत्रे, सिमेंट नेऊन टाकायचे असते. घाई करायला याहून मोठे कारण कोणते? तरीही भरलेल्या गाडीला तेथे वेगाची मर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे, काही ठिकाणी त्याहूनही कमी. कारण वेगाने जाणारी गाडी बर्फाखालच्या पाण्यात लाट उठवते आणि ती लाट बर्फ फोडते. पूर्ण भाराच्या गाड्या सोडण्यापूर्वी बर्फाची जाडी मोजतात, गाड्या गटागटाने आणि अंतर राखून सोडतात, वादळ आले की वाट बंद करतात. तेथले मालक आपल्याकडच्यांहून दयाळू असतील असे मानण्याचे कारण नाही. फरक एवढाच की थांबण्याचा खर्च त्यांनी आधीच वाहतुकीच्या दरात धरलेला आहे, म्हणून कोणा एका ड्रायव्हरला जीव धोक्यात घालून तो भरून काढावा लागत नाही.

आपल्याकडे तो कोण भरून काढतो? २०२५ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीने उधमपूरच्या बाजूला महामार्ग खचला आणि सप्टेंबरात सफरचंदाच्या हजारो गाड्या खोऱ्यात अडकून पडल्या. ते बर्फाचे दिवसही नव्हते. फळे गाड्यांतच सडली. बागाईतदार रडला, त्याच्या बातम्या आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. व्यापाऱ्याने भाव वाढवून काही भरून काढले असेल. गाडीमालकाचा हप्ता चुकला. ड्रायव्हर-क्लीनर मात्र या हिशेबात कोठेच दिसले नाहीत. ते गाडीजवळ होते. माल आणि गाडी सोडून जाणार कोठे? फेऱ्यावर ठरलेले पैसे तेवढेच राहिले, दिवस मात्र वाढत गेले. हिवाळ्यात याच रस्त्यावर अनेक वर्षे अवजड वाहने एक दिवस वर आणि एक दिवस खाली अशी सोडली जात होती. त्या रांगेत गेलेला वेळही असाच कोणाच्या वहीत चढला नाही.

काही जण म्हणतात की आता रेल्वे आली, प्रश्न सुटला. १३ सप्टेंबर २०२५ पासून बडगामहून दिल्लीच्या आदर्शनगरपर्यंत फळांसाठी रोजची पार्सलगाडी सुरू झाली आणि त्याआधी ऑगस्टात अनंतनागपर्यंत मालगाडी पोहोचली, ही उत्तम गोष्ट आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. पण बागेपासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून बाजारापर्यंत गाडीच लागते. आणि लडाखला तर अजून रूळ गेलेलेच नाहीत. जेथे सोपे आहे तेथे रेल्वे जाईल आणि जेथे अवघड आहे तेथे ट्रक उरेल. म्हणजे उरलेल्या ट्रकवाल्याची वाट अधिकच कठीण होणार.

गाडीमालकांची बाजूही येथे मांडली पाहिजे. ज्याच्या एक-दोन गाड्या आहेत तो काही धनाढ्य नव्हे. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता, विमा, कर उभे राहत नाहीत. परतीचे भाडे हुकले तर सारा फेराच तोट्यात जातो. तो म्हणेल, ‘मीच थांब्याचे पैसे कोठून देऊ?’ त्याचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच थांब्याचे भाडे त्याच्या खिशातून नव्हे, माल पाठवणाऱ्याकडून यायला हवे. समजा, एका गाडीत सतरा किलोच्या हजार पेट्या आहेत आणि दोन दिवसांच्या थांब्याचे सहा हजार रुपये ठरले. पेटीमागे सहा रुपये होतात. किलोमागे पस्तीस पैसे. एवढ्यासाठी कळमन्याच्या बाजारात कोणी सफरचंद घेणे सोडणार नाही. अडचण पैशांची नाही. हे पैसे मागण्याची रीत नाही, ही आहे. ज्या गाडीमालकाने एकट्याने मागावे त्याला बुकिंगवाला दुसरी गाडी दाखवतो. सर्वांनी मागितले तर दाखवायला दुसरी गाडी उरत नाही.

कायद्याचा आधारही नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाच्या तासांची व्याख्याच अशी होती की ज्या वेळात कामगार मालकाच्या दिमतीस असतो तो कामाचा वेळ. दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस ही मर्यादा त्यात होती, लांब पल्ल्याला थोडी सवलत देऊन. एवढेच नव्हे, पाऊस आणि थंडी यांपासून रक्षण होईल असे कपडे ड्रायव्हरांना देण्यास मालकाला भाग पाडणारे नियम राज्य सरकारने करावेत, अशी तरतूदही त्यात होती. म्हणजे ड्रायव्हरला थंडी वाजते ही गोष्ट संसदेला १९६१ मध्येच ठाऊक होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना लागू होता, आणि आपल्याकडची बहुतेक घरे एका गाडीची, दोन गाड्यांची. ती त्या दारातून आत आलीच नाहीत. आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. दार थोडे तरी रुंदावेल असे पाहणे हे आपल्यातील वकील मंडळींचे काम आहे. आठ तासांच्या कामासाठी आपल्या माणसांना दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आणले. ते कारखान्याच्या भिंतीआड झाले. रस्त्याला भिंत नाही, म्हणून तेथे घड्याळही नाही, असे चालणार नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. नागपूरच्या मे महिन्यात केबिनमध्ये बसलेल्या माणसाला त्याचे मोल विचारावे. पण त्या आदेशाचा विचार उन्हाळ्याचा आहे. इंजिन बंद असताना रात्रभर ऊब देणारे साधन थंडीच्या वाटेवर जाणाऱ्या गाडीत असावे, असा विचार अजून कोणी केलेला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी लहान वाटेल. इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत. लखनपूर ओलांडले की नागपूरच्या ड्रायव्हरचा फोन मुका होतो. पोस्टपेड असेल तरच बोलतो. महिन्याचे बिल भरण्याची हमी देता न येणाऱ्या माणसाजवळ प्रीपेडच असते. मग घरच्यांना कळते ते दुसऱ्या कोणाच्या फोनवरून, अधूनमधून. रविवारी वसतिगृहात भेटीचा दिवस असतो. एखादी सातवीतली मुलगी फाटकाशी येऊन उभी राहते, बाबा या आठवड्यात येणार होते म्हणून. तिच्या आईला ठाऊक नसते, गाडीमालकाला नक्की ठाऊक नसते, अधीक्षकांनी तिला काय सांगावे? गाडी रामबनला उभी आहे, एवढेच. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ते फाटक पाहिले आहे. पण आम्हांला त्या मुलीविषयी कणव नको आहे. तिच्या वडिलांच्या थांबलेल्या दिवसाला दर हवा आहे, आणि गाडीसोबत एक चालणारा फोन हवा आहे, ज्याचे बिल मालाच्या खर्चात धरलेले असेल.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरचे ड्रायव्हर नव्या कायद्यातील कलमाविरुद्ध थांबले होते. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, नागपुरातही लागल्या, आणि दोन दिवसांत सर्वांना ड्रायव्हरची आठवण झाली. तेव्हा गाडी थांबली तर केवढा खर्च होतो हे शहराला तात्काळ कळले. घाटात तीच गाडी थांबली की मात्र तिचा खर्च कोणाला दिसत नाही.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज बाजारात अडत्यांकडे आहेत, बुकिंग कार्यालयांत आहेत, न्यायालयांत आहेत, बँकांत आहेत, आणि काही स्टिअरिंगवर आहेत. सरकारकडे निवेदन द्यायचे ते देऊच. पण बिल्टी सरकार छापत नाही. ती आपल्यातलेच कोणीतरी छापते. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मालकाच्या जोखमीपासून न्यायालयाच्या हद्दीपर्यंत सारे काही असते. तेथे आणखी एक ओळ बसेल. आमच्या मते ती अशी असावी: जम्मूच्या पुढे हवामानामुळे किंवा प्रशासनाच्या आदेशामुळे रस्ता बंद राहिल्यास, पहिल्या चोवीस तासांनंतर प्रत्येक दिवसाचे ठरलेले थांबा-भाडे माल पाठवणारा देईल, त्यातील ठरलेला हिस्सा आणि मुक्कामाचा खर्च ड्रायव्हर व क्लीनर यांना थेट दिला जाईल, बंद रस्त्यावर गाडी पुढे नेण्यास त्यांना कोणी सांगणार नाही.

या शब्दरचनेत कायद्याच्या दृष्टीने उणिवा असतील. आपल्यातील वकिलांनी त्या काढाव्यात, गाडीमालकांनी रक्कम ठरवावी, आणि हे काम सप्टेंबरच्या आत व्हावे, कारण सफरचंदाच्या नव्या हंगामाची बिल्टीबुके ऑगस्टातच छापायला जातात.